तेल किती लागेल?

२० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही वाफेवर चालणारी बोट मुंबईहून सुएझला निघाली. ४११ टनांची ही बोट मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली बांधलेली होती. तिला ८० अश्वशक्तीची दोन इंजिने होती. तांबड्या समुद्राच्या वाटेने टपाल लवकर पोचवता येते, हे मुंबई सरकारला विलायतेतल्या वरिष्ठांना दाखवून द्यायचे होते. अडचण कोळशाची होती. बोटीच्या कोळसाखान्यात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा आणि एडन गाठायला त्याच्या दुप्पट दिवस लागणार होते. मग जागा दिसेल तिथे कोळसा भरला गेला. माणसांच्या केबिनाही सुटल्या नाहीत. ओझ्याने खोल बसलेली ती बोट अकरा दिवसांनी एडनला लागली तेव्हा तिच्यात सहा तासांचा कोळसा उरला होता.

अकरा दिवसांत सहा तास म्हणजे सव्वादोन टक्के. आजच्या एखाद्या कंपनीचा संगणकी अंदाज इतका जवळ गेला तर ऑपरेशन्स विभागात पेढे वाटतील. पण त्या सफरीत अंदाज असा नव्हताच. मावेल तेवढा कोळसा भरला आणि वाऱ्याने दगा दिला नाही, एवढेच घडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी खर्चाचा आकडा पाहून नाके मुरडली आणि पुढच्या सफरी रखडत झाल्या. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन ताब्यात घेतले. त्यामागे राजकारण बरेच होते, पण मुंबईहून निघालेल्या आगबोटींना कोळशाचा हक्काचा थांबा हवा, हे कारण त्यात ठळक होते. पुढे जवळजवळ शतकभर एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला.

जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात न्यायला इंधन किती लागेल आणि सगळी सफर केवढ्याला पडेल, याचा हिशेब जहाज सुटण्याआधी संगणकावर सफर 'करून' कसा काढायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे. बॅलार्ड इस्टेटपासून नवी मुंबईपर्यंतच्या जहाज कंपन्यांत, दलालांकडे आणि मालाच्या मालकांकडे हे काम रोज चालते. मराठी मुले थर्ड मेट आणि फोर्थ इंजिनिअर म्हणून बोटीवर चढतात, पुढे किनाऱ्यावरच्या नोकरीत येतात आणि हेच आकडे हाताळतात. पुण्यातले प्रोग्रॅमर कधीही बोटीवर पाऊल न ठेवता हीच गणिते सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात. या दोघांनी एकमेकांचे काम समजून घ्यावे, म्हणून हा खटाटोप.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या गणितात समुद्राचा भाग अवघड दिसतो, पण दीडशे वर्षे हुशार माणसे त्यावर खपल्यामुळे तो बऱ्यापैकी आवाक्यात आला आहे. आवाक्यात न आलेला भाग किनाऱ्यावर आहे: बंदरातली वाट पाहणे, करारातली एखादी ओळ आणि बोटीवरून रोज येणारा अहवाल. बहुतेक सॉफ्टवेअर नेमके उलट वागते. लाटांवर पन्नास समीकरणे आणि बंदरातल्या प्रतीक्षेसाठी एक रिकामी चौकट, तिच्यात कुणीतरी सवयीने '२ दिवस' टाकलेले.

समुद्राच्या भागाचे श्रेय द्यायचे तर पहिले नाव विल्यम फ्रूडचे. रेल्वेच्या कामात तो इझम्बार्ड ब्रुनेलच्या हाताखाली होता आणि ब्रुनेलच्याच 'ग्रेट ईस्टर्न'साठी त्याने जहाजांच्या डोलण्याचा अभ्यास केला. वाटेत कोळसा न घेता ऑस्ट्रेलिया गाठता यावी, म्हणून हे अजस्र जहाज बांधले होते. त्या कामी ते कधी लागलेच नाही. १८७० साली ते मुंबईला आले ते एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकायला. फ्रूडने १८७२ च्या सुमारास इंग्लंडमधल्या टॉर्की इथे आपल्या घराजवळ पाण्याचा लांबलचक हौद बांधला आणि त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाण्याचा विरोध मोजला. त्याने ओळखलेली मेख अशी की या विरोधाचे दोन हिस्से आहेत. एक पाणी बुडाला घासते त्याचा आणि दुसरा जहाज लाटा उठवते त्याचा. छोट्या प्रतिकृतीवरून खऱ्या जहाजाचा आकडा काढताना दोघांना वेगवेगळे नियम लावावे लागतात. हौदात तपासलेल्या शेकडो प्रतिकृतींच्या आकड्यांतून हॉलंडच्या वागेनिंगेन इथल्या संस्थेत होल्ट्रोप आणि मेनेन यांनी सूत्रे काढली. त्यांची १९८२ ची पद्धत आजही जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात सापडते. जहाजाची लांबी, रुंदी, पाण्यात बुडालेली खोली आणि बुडाचा भरीवपणा दिला की शांत पाण्यात कोणत्या वेगाला किती ताकद लागेल, हे ती सांगते.

व्यवहारात एक जाडजूड नियम पुरतो. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि ताकद म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून दिवसाचे इंधन वेगाच्या घनाने वाढते. दर मैलाचे इंधन मात्र वर्गानेच वाढते, कारण वेग वाढला की दिवस कमी लागतात. हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे. मुलाखतीत विचारला तर निम्मे उमेदवार इथेच घसरतात.

एक उदाहरण घेऊ. गोव्याच्या मुरगाव बंदरातून लोहखनिज भरून चीनमधल्या चिंगदावला जाणारे, साधारण ५५ हजार टनांचे बल्क कॅरिअर. अंतर हिशेबाच्या सोयीसाठी ४,८०० सागरी मैल धरू. वेग साडेबारा नॉट, म्हणजे दिवसाला बरोबर ३०० मैल आणि सफर १६ दिवसांची. मुख्य इंजिन दिवसाला २४ टन, म्हणजे ताशी एक टन तेल पिते असे समजू. एकूण ३८४ टन झाले. टनाला ६०० डॉलर धरले तर २,३०,४०० डॉलर.

आता वेग एका नॉटने कमी करा. साडेअकरा नॉटला दिवसाचे मैल २७६ आणि सफर जवळजवळ १७.४ दिवसांची. दिवसाचे तेल घनाच्या नियमाने सुमारे १८.७ टनांवर येते, सफरीचे ३२५ टन. ५९ टन, म्हणजे सुमारे ३५,४०० डॉलर वाचले. पण जहाज १.४ दिवस जास्त अडकले. ते जहाज बाजारात दिवसाला १५,००० डॉलर कमावत असेल तर साधारण २०,९०० डॉलर बुडाले आणि तरीही हळू जाणे परवडले. बाजार तेजीत असेल आणि दिवसाची कमाई ३०,००० डॉलर असेल तर बुडीत ४१,७०० वर जाते. तेच जहाज, तोच समुद्र, तेच तेल, पण निर्णय उलटा. दिवसाला साधारण २५,४०० डॉलरच्या वर भाडे गेले की जोरात हाका, खाली आले की सावकाश. २००८ च्या मंदीनंतर कंटेनर जहाजे चोवीस-पंचवीस नॉटवरून अठराच्या आसपास आली, त्यामागे हेच गणित होते. पर्यावरणाचे नाव त्याला नंतर जोडले गेले.

या हिशेबात जनरेटर धरलेला नाही. बोट चालो की थांबो, दिवे, पंप आणि मुदपाकखाना यांच्यासाठी दिवसाला दोन-अडीच टन जातातच. सफर लांबली की तेही वाढतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुरगावला माल भरायला जहाज आधी रिकामे यावे लागते, आणि त्या रिकाम्या फेरीचे तेल आणि दिवस याच सफरीच्या अंगावर पडतात. मालभाड्यातून तेल, बंदराचा खर्च, कालव्याचा टोल आणि दलाली वजा करायची आणि उरलेल्याला रिकाम्या फेरीसकट सगळ्या दिवसांनी भागायचे. हा भागाकार म्हणजे टीसीई, टाइम चार्टर इक्विव्हॅलंट. चार्टरिंगच्या टेबलावर सगळे भांडण या एका आकड्याचे.

संगणकापूर्वीही कागदावर सफर करून बघण्याची रीत होतीच. तेलवाहू जहाजांच्या धंद्यात वर्ल्डस्केल नावाचे दरपत्रक १९६९ पासून चालते. त्यासाठी एक आदर्श जहाज कल्पिले आहे: ७५ हजार टन क्षमता, साडेचौदा नॉट वेग, दिवसाला ५५ टन तेल, दिवसाचे भाडे १२ हजार डॉलर. हे जहाज जगातल्या हरेक बंदरजोडीमध्ये कागदावर जाऊन परत येते आणि त्याचा जो खर्च निघतो तो त्या वाटेचा मूळ दर. खरी जहाजे मग या दराच्या इतक्या टक्क्यांनी भाड्याला लागतात. कोणत्याही गोदीत न बांधलेल्या या जहाजाने जितकी कंत्राटे ठरवली तितकी खऱ्या जहाजांनी क्वचितच.

संगणकी अनुकरण याच कल्पनेला तासातासाने चालवते. मुरगावहून निघालेले आपले जहाज जुलैमधल्या एका रात्री मंगळूरच्या पश्चिमेला आहे असे समजा. प्रोग्रॅम त्या बिंदूवरचा हवामानाचा चौकोन उघडतो. वारा नैर्ऋत्येकडून, लाटाही तिकडूनच, उजव्या नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उजवीकडून येणाऱ्या. शांत पाण्याचा विरोध आधी काढलेला आहे. त्यात वाऱ्याचा विरोध मिळवायचा, मग लाटांचा, मग बुडावर साचलेल्या शेवाळाचा आणि शिंपल्यांचा, आणि प्रवाह अनुकूल की प्रतिकूल ते पाहायचे. एकूण विरोधावर मात करायला पंख्याने, म्हणजे प्रोपेलरने, किती जोर द्यावा लागेल, तो जोर द्यायला इंजिन कोणत्या भारावर चालेल आणि त्या भाराला दर किलोवॉट-तासाला किती ग्रॅम तेल जळेल, अशी ही साखळी आहे. मोठ्या संथगती इंजिनांत हा शेवटचा आकडा १६० ते १८० ग्रॅमच्या दरम्यान असतो.

ताकद तेवढीच ठेवली तर आपल्या जहाजाचा वेग साडेबारावरून, समजा, अकरावर येतो. तेल ताशी एक टनच जळते, पण दर मैलाला जवळपास चौदा टक्के जास्त पडते. वेग साडेबाराच ठेवायचा हट्ट धरला तर ताकद जवळपास दीडपट लागेल, म्हणजे त्या तासाला दीड मैल जास्त जाण्यासाठी अर्धा टन तेल जास्त. आणि नाळ लाटेवर आपटू लागली की कॅप्टन दोन्ही पर्याय बाजूला ठेवून वेग स्वतःहून उतरवतो. तो कधी उतरवेल? याचे सूत्र कोणत्याही हौदात सापडत नाही. प्रोग्रॅममध्ये तिथे एक उंबरठा घालावा लागतो, आणि तो उंबरठा हाडाच्या खलाशाला विचारून घातला तर बरा. मी पाहिलेल्या सॉफ्टवेअरांत समीकरणे चांगली आणि हा उंबरठा वेडगळ, असे बरेचदा आढळले.

वाट निवडणे ही पुढची पायरी. १९५७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जलालेखन कार्यालयातल्या रिचर्ड जेम्स यांनी समकाल रेषांची पद्धत मांडली. निघाल्यापासून सहा तासांत, बारा तासांत, दिवसभरात जहाज कोणकोणत्या बिंदूंपर्यंत पोचू शकते त्या रेषा काढत जायचे आणि जी रेषा आधी मुक्कामाला टेकेल तिच्यावरून मागे येत वाट शोधायची. तेव्हा हे नकाशावर हाताने व्हायचे. आज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेपासून युरोपच्या हवामान केंद्रापर्यंत अनेकांचे समुद्राचे अंदाज मिळतात आणि संगणक हजारो वाटा क्षणात चाचपतो. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा याची खरी परीक्षा झाली. न्हावाशेव्याहून रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ६,३०० मैल, केप ऑफ गुड होपला वळसा घालून साधारण १०,८००. पंधरा नॉटला फरक साडेबारा दिवसांचा. कालव्याचा टोल वाचतो, विम्याचा वाढीव हप्ता वाचतो, तेल आणि दिवस जातात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याने वाहणारा आगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येला जाणाऱ्या जहाजाला फुकट ढकलतो, म्हणून प्रोग्रॅम त्या प्रवाहाच्या मधोमध जहाज नेऊन बसवतो. पण नैर्ऋत्येचा जोरदार वारा या प्रवाहाच्या तोंडावर आला की तिथे जहाज मोडणाऱ्या लाटा उठतात. फुकटच्या दोन नॉटांची हाव कधी सोडायची, हे प्रोग्रॅमला शिकवावे लागते.

आता किनाऱ्याकडे वळू, कारण खरी रड इथे आहे.

सगळी सॉफ्टवेअरे बोटीवरून येणाऱ्या नून रिपोर्टवर पोसली जातात. दुपारी बारा ते दुपारी बारा किती मैल गेलो, किती तेल जाळले, वारा किती, टाक्यांत शिल्लक किती. ही शिल्लक म्हणजे आरओबी. पहिली गंमत घड्याळाची. पूर्वेला जाणारे जहाज वाटेत घड्याळे पुढे करते, त्या दिवशी दुपार ते दुपार तेवीसच तास भरतात. प्रोग्रॅमने आंधळेपणाने चोवीसने भागले तर जहाज त्या दिवशी उगाच मंद दिसते. पश्चिमेला जाताना पंचवीस तासांचा दिवस येतो आणि जहाज उगाच चपळ होते. मुरगाव ते चिंगदाव अडीच तासांचा फरक आहे.

दुसरी गोष्ट चीफ इंजिनिअरच्या 'खिशाची'. अनुभवी चीफ अहवालात थोडे जास्त तेल जळाल्याचे दाखवतो आणि ते गाठीशी ठेवतो. हवामान बिघडले किंवा बंदरात तेल मोजून घेताना कमी भरले, तर हा साठा त्याची अब्रू वाचवतो. किनाऱ्यावरून फोन येतो, "चीफसाब, आरओबी कितनी?" आणि उत्तराआधी जो क्षणभर थांबा येतो त्यात हा खिसा असतो. याला लबाडी म्हणून मोकळे होता येईल, पण तेलाविना समुद्रात अडकण्याची जबाबदारी ज्याच्या डोक्यावर आहे त्याची ती शहाणीव आहे. आणि तेल देणारे काही धुतल्या तांदळाचे नाहीत. तेलात हवा फुंकून ते फेसाळ करायचे आणि फुगलेली पातळी मोजून द्यायची, ही चलाखी धंद्यात इतकी परिचित की त्या तेलाला 'कॅपुचिनो' म्हणतात. सिंगापूरने २०१७ पासून इंधन देताना वस्तुमान मोजणारे मीटर सक्तीचे केले ते यासाठीच. अशा आकड्यांवर शिकलेला प्रोग्रॅम जहाजापेक्षा चीफचा स्वभाव जास्त शिकतो. त्यामुळे या पुस्तकातली दोन प्रकरणे केवळ आकडे साफ करण्यावर आहेत. ती रटाळ आहेत आणि सर्वांत उपयोगाची आहेत.

मग बंदर. आपल्या उदाहरणात तेलाचा अंदाज पाच टक्क्यांनी चुकला तर फरक १९ टनांचा, साधारण साडेअकरा हजार डॉलरचा. चिंगदावच्या बाहेर नांगर टाकून तीन दिवस जास्त काढावे लागले तर १५ हजारांच्या भाड्याने ४५ हजार डॉलर गेले, जनरेटरचे तेल वेगळे. लाटांची सूत्रे पाच टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणण्यासाठी वर्ष घालवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून भिंतीवर लावावेत. मुरगावला तर निघण्याआधीच खोळंबा. खाणीचा माल मांडवी आणि जुवारीतून बार्जने येतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळची वाळूपट्टी बार्जना बंद होते आणि माल कुंभारजुव्याच्या खाडीतून वळवावा लागतो. कोमट पाण्यात नांगरावर पडून राहिलेल्या जहाजाच्या बुडावर शेवाळ धरते, आणि त्या प्रतीक्षेचा दंड पुढचे सोळा दिवस तेलात भरावा लागतो. भरती-ओहोटीचाही असाच घोळ. मुंबईसारख्या बंदरात खोल बुडालेले जहाज भरतीलाच आत जाऊ शकते. तासभर उशिरा पोचले तर पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी. वेग थोडा कमी-जास्त करून भरती गाठता येत असेल तर त्या दशांश नॉटाची किंमत अर्ध्या दिवसाच्या भाड्याएवढी असते. गुळगुळीत आलेखातून 'सर्वोत्तम वेग' काढणाऱ्या प्रोग्रॅमला या पायऱ्या दिसतच नाहीत.

आणि करार. सफरीच्या करारात जहाजाने टाळाटाळ न करता, शक्य तितक्या लवकर पोचावे अशी अट असते. धक्का रिकामा नाही हे सगळ्यांना ठाऊक असूनही जहाज पूर्ण वेगाने जाते, तेल जाळते आणि मग आठवडाभर नांगरावर झुलते, कारण आधी पोचले की रांगेत नंबर लागतो, माल चढवण्या-उतरवण्याची ठरलेली मुदत मोजली जाऊ लागते आणि ती संपली की खोळंब्याची भरपाई, म्हणजे डेमरेज, सुरू होते. सावकाश येऊन वेळेवर पोचण्याची योजना संगणक सेकंदात मांडतो. ती अमलात यायला मालाचा मालक, जहाजाचा मालक आणि बंदर या तिघांनी एका कागदावर सही करावी लागते. टाइम चार्टरमध्ये, म्हणजे जहाज दिवसाच्या भाड्याने घेण्याच्या करारात, दुसरी कटकट. 'सुमारे' साडेबारा नॉट आणि 'सुमारे' २४ टन, तेही चांगल्या हवेत. या 'सुमारे'मध्ये वेगाचा अर्धा नॉट आणि तेलाचे पाच टक्के धरायची वहिवाट आहे, आणि चांगली हवा म्हणजे बहुधा बोफर्टच्या मापावर चारपर्यंतचा वारा. पावसाळ्यात अरबी समुद्रात असे दिवस हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. मग सोळा दिवसांच्या सफरीचा निवाडा दोन दिवसांच्या नोंदींवर होतो.

अलीकडे यात कार्बनची भर पडली आहे. एक टन जड इंधन जळले की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड धरायचा, असा नियम आहे. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापारात २०२४ च्या उत्सर्जनाचे ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण, असे परवाने भरायचे आहेत. बाहेरून येणाऱ्या सफरीचे निम्मे उत्सर्जन त्यात मोजले जाते. न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला जाताना हजार टन तेल जाळणाऱ्या जहाजाच्या खाती १,५५७ टन पडतात. परवाना टनाला ७० युरो धरला तर लाखावर युरो झाले. म्हणजे तेलाचा अंदाज चुकला की आता दोनदा भरायचे. २०२३ पासून लागू झालेल्या सीआयआय या कार्बनच्या श्रेणीत मात्र मजेशीर उलटेपणा आहे. उत्सर्जनाला अंतराने भागत असल्यामुळे नांगरावर थांबलेले जहाज नापास होत जाते आणि लांबच्या वाटेने भटकलेले जहाज कागदावर सुधारते. निकषच असा उलटा असेल तर संगणकालाही शहाणपण येत नाही.

एवढ्या अनिश्चिततेतून एकच आकडा काढून देणे अप्रामाणिकपणाचे आहे. मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे फासे टाकत, तीच सफर हजारदा करायची. युरोपच्या हवामान केंद्राच्या ईआरए५ या संचात १९४० पासूनचे तासातासाचे हवामान सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर आहे. गेल्या तीस वर्षांतल्या प्रत्येक जुलैत आपले जहाज सोडून बघता येते. बंदरातली प्रतीक्षा, बुडाची अवस्था आणि तेलाचा भावही तसेच बदलत ठेवायचे. हाती येतो तो पसारा. निम्म्या वेळा इतक्या टनांत भागेल, दहातल्या नऊ वेळा इतक्यांत. लग्नाचा आचारी पाने किती होतील हे विचारून त्यावर किती चढवायचे हे घराणे बघून ठरवतो, तसा हा व्यवहार आहे. जास्तीचे तेल घेतले तर तेवढा माल कमी भरावा लागतो. आणि अरबी समुद्राला पावसाळ्यात लोडलाइनचा, म्हणजे जहाज किती खोल बसू द्यायचे त्या मर्यादेचा, वेगळा हंगाम लागतो, त्यामुळे जहाज आधीच हलके भरलेले असते. कमी घेतले तर वाटेत वळावे लागते. चिंगदावच्या वाटेवर सिंगापूर पडते, जगातले सर्वांत मोठे इंधनाचे बंदर. म्हणून गोव्याहून निघताना सिंगापूरपर्यंतचा नव्वद टक्क्यांचा आकडा आणि त्यावर राखीव साठा, एवढे पुरते. हाच साधा सल्ला एका आकड्याच्या अंदाजातून मिळत नाही.

पुस्तकाच्या मर्यादा सांगतो. पाणी आणि पंखा यांचे बारीक गणित इथे नाही. त्यासाठी नौकाबांधणीचे ग्रंथ आहेत. एलएनजी, मिथेनॉल आणि अमोनिया यांच्यावर एकच प्रकरण आहे, कारण त्यांचे भाव आणि पुरवठा अजून ठरायचे आहेत आणि न ठरलेल्या गोष्टीवर पाने भरण्यात अर्थ नाही. संज्ञांच्या बाबतीत बोटीवर जे बोलतात तेच ठेवले आहे. ट्रिमला ट्रिमच म्हटले आहे आणि ड्राफ्टला ड्राफ्ट.

प्रोग्रॅमर वाचकाने तिसऱ्या प्रकरणाआधी नून रिपोर्टवरचे सहावे प्रकरण वाचावे. बोटीवरच्या वाचकाने तिसरे आधी वाचले तरी चालेल. दोघांनाही एक विनंती. वर दिलेले मुरगाव-चिंगदावचे उदाहरण एकदा कागदावर सोडवा, मग त्यात आपल्या माहितीच्या जहाजाचे आकडे घाला, आणि शेवटी बंदरातल्या प्रतीक्षेच्या चौकटीतले '२ दिवस' खोडून त्या बंदराचे मागच्या वर्षभराचे खरे दिवस एजंटकडून मागवून भरा. ते मिळेपर्यंत पुढचे प्रकरण उघडू नका.